कानाडोळा

माझं काम लक्षात ठेवायचं.
कप कुठल्या हातात होता, कॉलरचं बटण लागलेलं होतं का,
मागच्या शॉटमध्ये मेणबत्ती किती उरली होती.
अंतराळयानात मेणबत्ती कशाला, हे विचारायचं नाही.
त्या हिवाळ्यात ग्लासगोतली वीज सारखी जायची
आणि लेखकाने ती यानातलीही घालवली.

सहा वर्षं चालली मालिका.
यान म्हणजे अंड्यांचे ट्रे, वर रुपेरी रंग,
दिव्यांच्या जागी दह्याचे डबे,
आणि कोपऱ्यात, नकाशाच्या टेबलापाशी,
ओमरुथ.
राखाडी रबरी चेहरा. एफीला तीन तास लागायचे तो चढवायला.
वाक्य एकच:
"मार्ग मोकळा आहे, कॅप्टन."

आतला माणूस लॅक्लन पर्डी.
त्याआधी सतरा वर्षं गोव्हनच्या गोदीत
बोटींच्या पोटात बसून रिव्हेट ठोकत होता.
डावा कान तिथेच राहिला.

म्हणून कोणी बोललं की मान वळवायचा,
उजवा कान पुढे करायचा.
प्रेक्षकांना वाटलं, परग्रहावरची रीत असेल.
पोरं शाळेत तशी मान वळवून हजेरी देऊ लागली.
लेखक हुशार, त्याने लिहूनच टाकलं:
याच्या ग्रहावर उजवा कान जिवंतांसाठी.
आणि डावा?
"बघू पुढे," म्हणाला.

सहाव्या वर्षी पैसे संपले.
एक भाग उरला, एक खोली, एक नट.
"पर्डी स्वस्तात पडेल," ब्रोडी म्हणाला,
त्याच्या शेजारीच उभा राहून,
डाव्या बाजूला.

गोष्ट अशी: यान निकामी. सगळे छोट्या होडीतून गेले.
ओमरुथ मागे राहिलाय रेडिओपाशी,
नऊ तास,
ते पोचले एवढं कानावर पडावं म्हणून.
पटकथेत होतं: उजवा कान रेडिओला लावतो. खरखर. वाट बघतो.
मी वहीत लिहिलं, उजवा.
खाली रेघ मारली.

पहिला टेक, उजवा.
दुसरा टेक, उजवा, मध्येच मेणबत्ती विझली.
तिसऱ्यात
तो बराच वेळ तसाच बसून राहिला,
हनुवटीपाशी रबर सुटत आलेलं, आत घाम,
मग सावकाश मान फिरवली
आणि डावा लावला.

जिथे सतरा वर्षांच्या हातोड्यांशिवाय
काही पोचत नाही, तो.

आणि कानोसा घेऊ लागला. खरंच. मी बघत होते.
ओठाचा कोपरा हलला,
गोदीच्या फाटकातून कोणी ओळखीच्याने
नाव घेऊन हाक मारावी, तसा.
म्हणाला, पटकथेत नसलेलं,
"हो. आहे मी. तुम्ही व्हा पुढे."

ब्रोडी कट म्हणायला विसरला.
टेप फिरत राहिली.
माझं काम होतं ओरडायचं: कान चुकला!
सहा वर्षांत एक बटण सुटू दिलं नव्हतं मी,
एक कप या हातातून त्या हातात जाऊ दिला नव्हता.
पेन्सिल हातात होती.
वही मिटली.

वसंतात पेझ्लीहून एका मुलाचं पत्र आलं,
चुकांची पत्रं माझ्याच टेबलावर येत.
ओमरुथने डावा कान का लावला?
बहीण म्हणते चूक आहे. मी म्हणतो नाही.
आमच्यात पैज लागली आहे, दोन चॉकलेटांची.
तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा फाडलं.
शेवटी चार चॉकलेटं पाठवली
आणि सोबत कोरा कागद.

पण त्या संध्याकाळी,
एफी कडेकडेने चेहरा सोलत होती,
खालून लालबुंद, साधा माणूस निघत होता,
शेवटची बस चुकेल म्हणून घाईत.
मला दारात बघून त्याने विचारलं,
"चुकलं का गं काही?"
आणि सवयीने
उजवा कान पुढे केला.

"मेणबत्ती," मी म्हणाले,
"अर्धा इंच जास्त उरली."